गावी राहायला येताय? मग ग्रामपंचायतीशी ओळख अशी करून घ्या

गेल्या सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "अरे तुमची ग्रामपंचायत उघडते तरी कधी?" विचारणारे बहुतेक मुंबई-पुण्याहून गावच्या घरी कायमचे राहायला आलेले, कोणी रिटायर होऊन, कोणी वर्क फ्रॉम होमच्या भरवशावर. आणि सगळ्यांची समजूत तीच जी माझीपण होती, की ग्रामपंचायत म्हणजे छोटी महानगरपालिका, खिडकी असेल, लाईन असेल, अर्ज टाकला की नंबर मिळेल. तसं काही नसतं. इथे खिडकीच नाही, माणसं आहेत, मोजून आठ-दहा, आणि त्यातली काही जणं दुसऱ्या गावातपण ड्युटी करतात. कुठलं काम कोणाकडे आणि कुठल्या वारी, एवढं कळायला मला दीड वर्ष लागलं, तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितोय.

मी लिहितोय ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनुभवावर, सिंधुदुर्गात जवळपास तेच चालतं. घाटावर गाव कसं एका जागी गोळा असतं, चावडी, देऊळ, शाळा सगळं हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे वाड्या. एक वाडी खाली पऱ्याजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, दुसरी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, तिसरीला जायला मध्ये अडीच किलोमीटर रान. त्यामुळे घाटावरचा भाऊ सांगेल ते इथे लागू होईलच असं नाही.

आधी आपण नेमके कुठल्या गावात आलोय ते बघा

हसू नका, खरंच बघा. आधार कार्डावर जे गाव आहे ते बऱ्याचदा पोस्ट ऑफिसचं गाव असतं. सातबारावर असतं ते महसुली गाव. ग्रामपंचायतीचं नाव तिसरंच असू शकतं, कारण वस्ती कमी असली की दोन-तीन महसुली गावं मिळून एक ग्रामपंचायत करतात, तिला ग्रुप ग्रामपंचायत म्हणतात. आणि लोक तुम्हाला ओळखणार ते चौथ्याच नावाने, वाडीच्या. मी पहिल्या महिन्यात एका अर्जावर पोस्टाचं गाव लिहिलं आणि तो अर्ज शेजारच्या ग्रामपंचायतीच्या गठ्ठ्यात तीन आठवडे पडून होता, चूक माझीच. तर एका कागदावर चारही नावं लिहून ठेवा, पोस्ट, महसुली गाव, ग्रामपंचायत, वाडी, आणि सोबत तालुका. तालुक्याचंपण नीट बघा, म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या माणसाला पंचायत समितीच्या कामाला संगमेश्वरला नाही तर देवरूखला जावं लागतं, कारण मुख्यालय तिथे आहे.

वस्ती किती विरळ आहे याचा अंदाज यायला एक आकडा सांगतो. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ ला १६ लाख १५ हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत चक्क ८० हजारांनी कमी. सिंधुदुर्गातपण घटच. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, याचा अर्थ मुली जास्त जन्मतात असा नाही, बाप्ये मुंबईला असतात. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं, पाणी, पट्टी, ग्रामसभा, याच एका गोष्टीपाशी येऊन अडतं, की घरं आहेत पण माणसं नाहीत.

मग माणसं ओळखा

पंधराशेपर्यंत लोकसंख्या असेल तर ग्रामपंचायतीत सात सदस्य. बहुतेक तीन प्रभाग पाडलेले असतात, एकात तीन, बाकी दोघांत दोन-दोन. निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत २०११ पासून. सरपंच लोकांतून थेट निवडायचा की सदस्यांनी, यावर मात्र सरकारांचा खेळ चालू असतो, २०१७ ला थेट झालं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत थेट. त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असं होऊ शकतं, आणि छोट्या गावात असं झालं की नवीन माणसाने तोंड उघडण्याआधी कोण कुठे बसलंय ते बघावं. आपल्या प्रभागाचा सदस्य कोण ते पहिल्याच आठवड्यात कळून घ्या आणि घरी जाऊन भेटा. दोन हजारांपर्यंतच्या गावात सरपंचाला महिना सहा हजार मानधन आहे, तेही २०२४ ला दुप्पट झाल्यावर, आधी तीनच होतं, म्हणजे हा माणूस किंवा बाई स्वतःची शेती, दुकान, रिक्षा सांभाळून हे करतेय. सकाळी आठला फोन करून "माझं काम का झालं नाही" असं सुनवाल तर पुढचं काम होणार नाही हे नक्की.

खरा कागदपत्रांचा माणूस म्हणजे ग्रामसेवक. २०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात अजून भाऊसाहेब किंवा ग्रामसेवकच म्हणतात. हे सरकारी नोकर, निवडून आलेले नाहीत. छोट्या गावांत एका भाऊसाहेबांकडे दोन, कधी तीन ग्रामपंचायती असतात, म्हणून ऑफिस बंद दिसतं. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, त्यातपण मंगळवारी तालुक्याला मीटिंग लागली की तो वार गेला. मी सुरुवातीला सोमवारी गेलो, बुधवारी गेलो, गुरुवारी गेलो, शेवटी ऑफिससमोर पालापाचोळा झाडणाऱ्या शिपायानेच विचारलं, "भावा, आधी फोन का नाय करीत?" नंबर घेतला, त्या दिवसापासून खेपा बंद. शिपाई हा गावातला सगळ्यात उपयोगी माणूस आहे, त्याला शिपाई समजू नका. भाऊसाहेब कुठे आहेत, कुठलं दप्तर कुठल्या कपाटात आहे, पाणी कधी सुटणार, कोणाचा अर्ज का अडकलाय, सगळं त्याच्याकडे.

आता सगळ्यात मोठा घोळ. तलाठी ग्रामपंचायतीचा नसतो. तो महसूल खात्याचा, तहसीलदाराच्या हाताखालचा. यांचंपण नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात तलाठी आप्पाच. जमीन, सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), वारस नोंद, पीकपाहणी, वादळात छप्पर उडालं तर पंचनामा, हे सगळं आप्पांकडे. घर, घरपट्टी, पाणी, गावचे रस्ते, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद हे भाऊसाहेबांकडे. दोघं कधी कधी एकाच बिल्डिंगमध्ये बसतात म्हणून लोक गोंधळतात आणि मग सातबाऱ्यासाठी सरपंचावर ओरडतात. पोलीस पाटील तिसरेच, ते निवडून येत नाहीत, प्रांतसाहेब (उपविभागीय अधिकारी) नेमतात. भांडणतंटा, अपघात, वणवा लागला, काही बेवारस सापडलं की पहिला फोन त्यांना. आणि अंगणवाडी सेविका, आशाताई या दोघींचे नंबरपण घेऊन ठेवा. म्हातारी माणसं घरात असतील तर आशाताईंचा नंबर सरपंचाच्या आधी.

घर कोणाच्या नावावर आहे ते तपासा, इथे वेळ काढा

कोकणात ज्याला असेसमेंट उतारा म्हणतात तो म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. घर नंबर, कोणाच्या नावावर, किती बांधकाम, कसलं, किती कर. भाऊसाहेबांकडे किंवा ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रात मिळतो. मी काढला तर त्यावर आजोबांचं नाव. आजोबा जाऊन एकतीस वर्षं झालेली. म्हणजे इतकी वर्षं बाबा आजोबांच्या नावाने घरपट्टी भरत होते आणि पावतीवर कोणाचं नाव आहे ते कोणी वाचलंच नव्हतं. त्याहून गंमत, उताऱ्यावर लिहिलेलं "माती-दगड, गवती छप्पर", आणि घर तर चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवीला पत्रा.

नाव बदलायचं म्हणजे असं करा. मृत्यूचा दाखला लागतो आणि तो मिळतो जिथे माणूस गेला तिथून, जिथला तो होता तिथून नाही. आमचे आजोबा केईएममध्ये गेले म्हणून दाखला मुंबईहून आणावा लागला, यातच दोन महिने. मग सगळ्या वारसांची यादी, संमती किंवा प्रतिज्ञापत्र, मागची थकबाकी भरल्याची पावती आणि साधा अर्ज. हे मासिक सभेत ठेवतात, ठराव होतो, मग नोंद बदलते. इथे लोक काय करतात, तर स्वतःचं एकट्याचं नाव लावायला जातात आणि चुलत्यांना मुंबईत कळतं कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि मग हरकतीचा अर्ज, आणि मग गणपतीत घरात दोन चुली. सगळ्यांची नावं लावा. एकदा फोन करा सगळ्यांना, वेळ गेला तरी चालेल.

अजून एक, नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा नाही. तो कर आकारणीचा उतारा आहे. मालकी बघायची तर जमिनीचे कागद. गावठाणात, म्हणजे गावात वस्तीसाठी ठेवलेल्या जागेत घर असेल तर स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळायला लागलंय, पण आपल्याकडे कितीतरी घरं गावठाणात नाहीतच, सरळ सातबाऱ्याच्या जमिनीवर आहेत. म्हणून सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) दोन्ही काढा, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या पंधरा रुपयात निघतो. काढलात की दचकू नका. कोकणातला सातबारा म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतल्या निमंत्रकांची यादी, आमच्या जमिनीच्या एका गट नंबरला चौतीस नावं आहेत, त्यातली अकरा वारलेली. वारस नोंदीला आप्पांकडे अर्ज करायचा, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली होती मयतांची नावं कमी करायला, तेव्हा आमच्या सहा नोंदी झाल्या, उरलेल्या अजून चालू.

आणि ज्यांचं गावाशी काही नातं नाही, नुसती जागा घेऊन राहायला यायचंय, त्यांनी हे ध्यानात ठेवा की शेतकरी नसाल तर शेतजमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, १९४८ चा कूळ कायदा आहे. एजंट काहीही सांगेल. सामाईक जमिनीतला "हिस्सा" घेताना तर शंभर वेळा विचार करा, मोजणी झालेली नसेल तर तुम्ही जमीन नाही, भांडण विकत घेताय.

घरपट्टी भरा, आणि वेळेत भरा

माझी वर्षाला नऊशेच्या आत आहे, दिवाबत्ती, आरोग्य सगळं धरून. सप्टेंबरअखेर भरली तर पाच टक्के सूट, वर्ष उलटलं की पाच टक्के दंड. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते आणि बांधकामाच्या प्रकारावर दर असतो, त्यामुळे कौलं काढून स्लॅब टाकलात तर पट्टी वाढणारच, त्यावर वाद घालू नका. पावती मागा, नमुना १० ची, आणि फाईलला लावा. नऊशे रुपये ही काय मोठी रक्कम नाही पण आमच्या गावात चारशेच्या आसपास घरं, त्यातली दीडेकशे वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद, त्यांची पट्टी गणपतीत आले तर आले. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे हेच. त्यातून शिपायाचा पगार, दिव्याचं बिल, पंपाचं बिल.

पाणी

आता खरा विषय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर लागतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. जांभा दगड, उतार, सगळं पाणी समुद्रात. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर नळाने द्यायचं ठरलंय, पाईप बऱ्याच ठिकाणी आलेत, पाईपमध्ये पाणी किती ते उगमावर अवलंबून.

नळ कनेक्शनला अर्ज, अनामत, मासिक सभेची मंजुरी. बंद घराचं जुनं कनेक्शन असेल तर मागची पाणीपट्टी विचारून घ्या आधी, नाहीतर कनेक्शन चालू करायला गेल्यावर सात वर्षांचं बिल समोर येतं. किती वाजता पाणी येतं, किती दिवसाआड, उन्हाळ्यात किती, हे पाणी सोडणाऱ्याला विचारा. आणि मी केली ती चूक करू नका. पहिल्या मे महिन्यात टाकी भरत नाही म्हणून मी लाईनला टुल्लू, म्हणजे पाणी खेचायची छोटी मोटर लावली. शहरात सगळेच लावतात, मला वाटलं त्यात काय. आमचं घर उतारावर मध्यावर, वरती चार घरं. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या घरातल्या काकी कळशी घेऊन अंगणात उभ्या, चिडल्या नव्हत्या, फक्त म्हणाल्या, "बाळा, तुझी टाकी भरली असेल तर आमच्याकडे दोन कळश्या देशील काय?" मी खाली बघत मोटर काढली. त्याच संध्याकाळी वाडीत सगळ्यांना माहीत. पाणीपट्टी थकवण्यापेक्षा मोटर लावणं हा इथे मोठा गुन्हा आहे, आणि बरोबरच आहे ते.

योजना चालवायला ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. बहुतेक गावात ती कागदावर पूर्ण आणि जागेवर दोन माणसं असते. पंपाचं लाईट बिल घरं पन्नास असोत की पाचशे, फार फरक पडत नाही, पाणी डोंगरावर चढवायचं म्हणजे चढवायचंच. म्हणून विरळ वस्तीत माणशी खर्च जास्त येतो. ज्यांच्याकडे वरून झऱ्याचं पाणी उताराने येतं ती वाडी नशीबवान.

मतदार यादी, रेशन, बांधकाम हे पटकन

मतदार यादीत नाव गावात आणायचं तर फॉर्म ८ भरा, ऑनलाईन होतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच काढतात, वेगळा अर्ज नाही. दोन्हीकडे नाव ठेवू नका, "मुंबईतपण असूदे, इथेपण असूदे" हे बेकायदेशीर आहे. आणि नाव इथे नसेल तर ग्रामसभेत तुम्ही पाहुणे, कारण ग्रामसभा म्हणजे गावच्या यादीतले मतदार. रेशन कार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेकडे, ग्रामपंचायतीचा त्यात थेट संबंध नाही.

बांधकाम करायचं असेल तर चिरे टाकायच्या आधी भाऊसाहेबांना विचारा, नंतर नाही. गावठाणात एक नियम, बाहेर दुसरा, शेतजमिनीवर बिनशेती आणि नगररचनेचा विषय येतो, नुसता ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरत नाही. किरकोळ दुरुस्तीला, कौलं फेरणं वगैरे, कोणी काही म्हणत नाही पण एक अर्ज टाकून पोच घेतलेली बरी.

ग्रामसभेला जा, पण त्याआधी वाडीच्या बैठकीला जा

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर याच्या आसपास. सात दिवस आधी नोटीस निघते, बोर्डावर लागते, आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरपण येते. महिलांची वेगळी सभा मुख्य सभेच्या आधी घ्यायची असते, वहिनी, काकी, आई जे कोणी घरात असतील त्यांना पाठवा, पाण्याचा विषय तिथे जास्त नीट बोलला जातो.

गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी ते. आमचे मतदार साडेसहाशे, म्हणजे ९८ माणसं हवीत. यादीतले दोनशे तरी मुंबईला, शंभरेक म्हातारे चढ चढू शकत नाहीत, उरलेले शेतात नाहीतर आंब्याच्या कामावर. मी गेलो त्या पहिल्या सभेला एकतीस जण होते, शाळेच्या वर्गात, छोट्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले. तासभर वाट बघितली, तहकूब. नंतरच्या तारखेला तहकूब सभा झाली, तिला गणपूर्ती लागत नाही, त्यात सत्तावीस माणसांत सगळे ठराव झाले. मला आधी राग आलेला, ही काय लोकशाही. आता वाटतं की सत्तावीस जण येतात ते दर वेळी येतात, त्यांना सगळं माहीत असतं, आणि त्यातलं अठ्ठाविसावं होणं अवघड नाही.

पण खरं ठरतं ते आधी, वाडीच्या बैठकीत. कोणाच्या तरी खळ्यात, रात्री जेवून, कंदील आता नाही पण ट्यूब गेली तर मोबाईलचा टॉर्च. पाखाडी (पायऱ्यांची वाट) आधी की साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आधी, यंदा देवळाचा पत्रा की स्मशानशेड, हे तिथे भांडून ठरतं आणि मग वाडीचा एक माणूस ग्रामसभेत मांडतो. तुम्ही थेट ग्रामसभेत उठून भाषण केलंत, तेही प्रेझेंटेशन घेऊन (मी केलंय), तर सगळे शांत ऐकतात, मान डोलावतात आणि विषय पुढच्या सभेला ढकलला जातो.

पाखाडीचंच सांगतो, कारण त्यात सगळी ग्रामपंचायत समजते. आमच्या वाडीला रस्त्यापासून जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट, पावसात शेवाळ धरते, दोन म्हाताऱ्या पडल्या. काँक्रीट करायचं ठरलं. पहिला प्रश्न भाऊसाहेबांचा, "तेवीस नंबरला नोंद आहे का?" म्हणजे नमुना २३, रस्त्यांचं रजिस्टर. त्यात नोंद नसलेल्या वाटेवर सरकारी पैसा टाकता येत नाही. नोंद नव्हती. नोंद करायची तर वाट ज्या ज्या जमिनीतून जाते त्यांची संमती. पाच गट, त्यातला एक तो चौतीस नावांचा. म्हणजे संमतीला बोरिवली, नालासोपारा, बडोदा, एक जण दुबईला. पोस्टाने काही होत नाही, फोनवर सगळे "हो हो" म्हणतात. मग वाडीतल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं की गणपतीपर्यंत थांब. चतुर्थीला सगळे आपापल्या घरी, आम्ही आरतीला घरोघर फिरताना संमतीपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतलं, आरती झाली की प्रसाद आणि सही. पाच दिवसात एकोणीस झाल्या, बाकीच्या शिमग्याला. नोंद झाली, मग आराखड्यात नाव, मग पैशाची वाट.

पैसा कुठून येतो ते स्वतः बघा

घरपट्टी सोडून मोठा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या वर्षांत ग्रामपंचायतीच्या निधीतला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, चाळीस टक्के मोकळा. त्यामुळे "खात्यावर पैसे पडलेत तरी पाखाडी का करत नाही" याचं उत्तर बऱ्याचदा चोरी नसून हे असतं. शिवाय वाटप मुख्यतः लोकसंख्येवर, म्हणजे माणसं कमी तर निधी कमी, वाड्या कितीही लांब असोत, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही. मोठी कामं मग आमदार फंड, जिल्हा नियोजन किंवा "पंचवीस-पंधरा"तून येतात, हा शब्द ऐकाल, ग्रामविकास खात्याचं २५१५ नंबरचं लेखाशीर्ष आहे ते, आणि त्यासाठी आमदारांकडे खेटे घालावे लागतात.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुठल्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. एकदा नक्की बघा. फक्त बघितलं की लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून "हे काय?" असं लिहू नका. एकाने आमच्याकडे टाकला, गटाराचं काम झालंच नाही म्हणून, आणि ते काम दुसऱ्या महसुली गावातल्या वाडीत झालेलं निघालं, ग्रुप ग्रामपंचायत ना. आधी भाऊसाहेबांना विचारा, मग जागेवर जाऊन बघा.

काम अडलंच तर आधी लेखी अर्ज आणि पोच. तोंडी सांगितलेलं कोणी मुद्दाम विसरत नाही पण तीन गावं सांभाळणारा माणूस विसरतो. दाखल्यांना सेवा हक्क कायदा आहे २०१५ चा, मुदतीत मिळाला नाही तर पंचायत समितीत अपील करता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसात उत्तर. पण हा शेवटचा उपाय ठेवा, चारशे घरांच्या गावात अर्जावरचं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं आणि भाऊसाहेब बदलून जातात, तुम्ही तिथेच राहणार असता.

आणि निवडणूक

वर्ष-दीड वर्ष झालं, चार कामांत दिसायला लागलात, लिहिता-वाचता येतं, लॅपटॉप आहे, की पॅनेलवाले घरी येतात. उभे राहा म्हणतात. बऱ्याच गावात बिनविरोध करायची धडपड असते, गावकार-मानकरी बसून नावं ठरवतात, त्यात नवीन माणूस सोयीचा पडतो कारण त्याचा अजून कोणाशी बांध नाही, बांधावरचं भांडण नाही. वय एकवीस, घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली, घरात शौचालय वापरात, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या मुलांमुळे अपत्यं दोनच्या वर गेलेली नसावीत, जागा राखीव असेल तर जातपडताळणी, एवढं तपासा. आणि मला विचाराल तर पहिल्या खेपेला नको म्हणा. मला दोन्ही पॅनेलनी विचारलेलं. मी दोघांनाही चहा पाजला आणि म्हटलं मला फक्त पाण्याच्या समितीत घ्या. वरच्या घरातल्या काकी तिथे आधीपासून होत्या, त्या हसल्या फक्त. आता दर पंधरा दिवसांनी टाकी धुवायला शिपाई, काकींचा मुलगा आणि मी, व्हॉल्वची चावी माझ्याकडे असते.